अमेरिकन क्रांतियुद्धातल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या पेन्शन फाइली: १८१८, १८२० आणि १८३२ चे अर्ज कसे वाचायचे?

बाळीवेस_वाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापूर विद्यापीठात एम.ए. इतिहास, भाग २ ला आहे. लघुप्रबंधाचा विषय असा: स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांना त्यांच्या म्हातारपणी पेन्शन देताना नव्या सरकारनं त्यांच्याकडून काय काय सिद्ध करून घेतलं? एका बाजूला आपली स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजना, दुसऱ्या बाजूला अमेरिकन क्रांतियुद्धाचे सैनिक. आपल्या बाजूचं अडत नाही. १९३० च्या मार्शल लॉमुळे सोलापूरबद्दल वाचायला भरपूर आहे आणि पेन्शनचे नियमही छापील मिळाले.

अमेरिकेच्या बाजूला मात्र गोंधळ होतोय. एका फाइलीत सैनिक लढायांबद्दल चकार शब्द काढत नाही, फक्त गाई-मेंढ्या आणि कर्ज मोजतो. दुसऱ्या फाइलीत दहा पानं मोहिमांचं वर्णन आहे, पण घरच्या परिस्थितीबद्दल एक ओळ नाही. दोघेही साधे शिपाई, दोघेही सत्तरीच्या आसपासचे. असं का? अर्जाची पद्धत नेमकी काय होती, अर्ज कशामुळे फेटाळले जायचे, आणि सोलापुरात बसून मूळ कागद पाहायला मिळतील का?

---

जुनं_दप्तर

तुम्हाला दिसलेला फरक माणसांचा नाही, कायद्याचा आहे. कुठलीही फाइल उघडली की आधी अर्जाची तारीख बघा आणि त्या दिवशी कोणता कायदा लागू होता ते ठरवा. मजकूर त्यानंतर वाचा. सैनिकानं काय सांगायचं हे कायदा ठरवत होता. विचारलं नाही ते बहुतेकांनी सांगितलं नाही.

सुरुवात १७७६ ची. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, २६ ऑगस्ट १७७६ च्या ठरावानं लढाईत जायबंदी होऊन कमाईला मुकलेल्यांना अर्धा पगार कबूल केला, पण अंमलबजावणी राज्यांवर सोपवली. केंद्राच्या हातात तेव्हा पैसाही नव्हता आणि कर बसवायचा अधिकारही नव्हता. अधिकाऱ्यांना १७८० मध्ये हयातभर अर्ध्या पगाराचं वचन मिळालं. १७८३ मध्ये त्याऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार रोख्यांच्या रूपात देऊन ते मिटवलं. साध्या शिपायालाही थकलेल्या पगारापोटी कागदच मिळाले. गरजेपोटी अनेकांनी ते दर्शनी किमतीच्या बऱ्याच खाली सटोडियांना विकले. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनच्या योजनेनुसार सरकारनं हे कर्ज फेडायला घेतलं, तेव्हा पैसे कागद ज्याच्या हातात होता त्याला मिळाले, लढलेल्याला नाहीत. १८१८ च्या अर्जांमधला कडवटपणा समजून घ्यायचा तर हे आधी माहीत हवं.

नुसत्या नोकरीवर पेन्शन, म्हणजे जखम नसतानाही, पहिल्यांदा मिळाली ती १८ मार्च १८१८ च्या कायद्यानं. डिसेंबर १८१७ मध्ये अध्यक्ष मन्रो यांनी काँग्रेसपुढे विषय मांडला होता. अटी दोन. एक, कॉन्टिनेन्टल म्हणजे केंद्रीय सैन्यात किमान नऊ महिने नोकरी, किंवा युद्ध संपेपर्यंत. दोन, परिस्थिती हलाखीची आणि देशाच्या मदतीची गरज. अधिकाऱ्याला महिना २० डॉलर, शिपायाला ८. अर्ज न्यायाधीशापुढे शपथेवर द्यायचा, न्यायाधीश तो पुराव्यासह वॉशिंग्टनला युद्धमंत्र्याकडे पाठवणार आणि पेन्शन अर्जाच्या तारखेपासून सुरू होणार.

हलाखी म्हणजे नेमकी किती, हे कायद्यात लिहिलंच नव्हतं. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले, खर्च फुगला, सधन माणसं यादीत घुसल्याची ओरड झाली. म्हणून १ मे १८२० चा कायदा. यादीत आधीपासून असलेल्यांनाही कोर्टात मालमत्तेची शपथेवर यादी द्यावी लागली. अंगावरचे गरजेचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण तेवढं वगळायचं, बाकी सगळं मांडायचं: जमीन, जनावरं, अवजारं, भांडी, येणं, देणं. १८ मार्च १८१८ नंतर कायद्यात बसण्यासाठी आपण काही विकलं किंवा बक्षीस दिलं नाही, अशीही शपथ घ्यायची. कोर्टाचा कारकून मालाची किंमत लावून शिक्का मारायचा. घरात कोण आहे, वय काय, कमवायच्या लायकीचं कोण, हेही बहुतेक याद्यांत येतं. तुमची गाई-मेंढ्यांची फाइल ही इथली. मेन राज्यातल्या जोसेफ प्लम्ब मार्टिनच्या यादीत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर, एवढंच आहे. हा माणूस जवळपास सगळं युद्ध लढलेला.

या चाळणीत हजारो नावं कापली गेली. १ मार्च १८२३ च्या कायद्यानं, गरज नव्यानं सिद्ध केली तर नाव परत चढवायची सोय झाली. त्यामुळे एकाच माणसाच्या १८१८, १८२० आणि १८२३ नंतरच्या अशा तीन शपथा एका फाइलीत सापडू शकतात.

१५ मे १८२८ चा कायदा फक्त युद्ध संपेपर्यंत टिकलेल्या कॉन्टिनेन्टल सैनिकांसाठी: पूर्ण पगार, गरिबीची अट नाही. तो युद्धखात्याकडे नव्हता, अर्थखात्याकडे होता.

मग ७ जून १८३२. गरिबीची अट गेली आणि मिलिशिया (थोड्या मुदतीसाठी बोलावलेली नागरिकांची फौज), राज्यांचं सैन्य, आरमार सगळे आत आले. दोन वर्षं नोकरी असेल तर हयातभर पूर्ण पगार, कॅप्टनच्या पगाराच्या मर्यादेत. सहा महिने ते दोन वर्षं असेल तर त्या प्रमाणात. दहा पानी मोहिमांची फाइल ही इथली, कारण आता मालमत्तेला महत्त्व उरलं नाही, प्रत्येक महिन्याच्या नोकरीला आलं.

तुमच्या तुलनेसाठी एक गोष्ट हाताशी ठेवा. आपल्या १९७२ च्या योजनेत वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असण्याची अट होती. १ ऑगस्ट १९८० पासून ती गेली आणि पेन्शन ‘सन्मान’ म्हणून सगळ्यांना लागू झाली. गरजेकडून सन्मानाकडे यायला अमेरिकेला १८१८ ते १८३२ अशी चौदा वर्षं लागली, आपल्याला आठ. तुमच्या प्रबंधाचा कणा इथे आहे असं मला वाटतं.

---

रेल्वे_लाइन्स

कागद कुठे मिळतात ते सांगतो. सोलापुरातून उठायची गरज नाही. मूळ फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, अंदाजे ८०,०००. त्यांची मायक्रोफिल्म मालिका एम ८०४, रिळं २,६७०. तीच छायाचित्रं आता अभिलेखागाराच्या ऑनलाइन कॅटलॉगवर मोफत उघडतात. फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढून सूची शोधता येते. दक्षिणेतल्या मोहिमांत, म्हणजे व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलिना आणि जॉर्जियात लढलेल्यांचे हजारो अर्ज स्वयंसेवकांनी टाइप करून वेगळ्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. सुरुवात तिथून करा. आधी टाइप केलेला मजकूर वाचायचा, मग त्याच माणसाची मूळ पानं उघडायची. आठवडाभरात हस्ताक्षर लागायला लागतं.

पाकिटावरच्या क्रमांकाची अक्षरं अशी: ‘एस’ म्हणजे सैनिकाचा स्वतःचा मंजूर दावा, ‘डब्ल्यू’ म्हणजे विधवेचा मंजूर दावा, ‘आर’ म्हणजे नामंजूर. ‘बी.एल.’ पासून सुरू होणारा क्रमांक लष्करी नोकरीबद्दल मिळालेल्या जमिनीच्या हक्कपत्राचा. इथे बरेच जण घसरतात. ‘डब्ल्यू’ पाहिलं की ही फक्त बायकोची फाइल असं समजून बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात एका सैनिकाचे सगळे कागद एकाच पाकिटात घातलेत, क्रमांक तेवढा शेवटच्या मंजूर दाव्याचा. नवऱ्याची १८१८ ची शपथ आणि १८२० ची मालमत्ता यादी ‘डब्ल्यू’ पाकिटाच्या तळाशी सापडते. शेवटच्या पानापर्यंत जा. पानं तारखेच्या क्रमानं लावलेली नसतात, तेव्हा आधी प्रत्येक पानाची तारीख एका कागदावर टिपून घ्या.

१८०० च्या आधीचे अर्ज शोधू नका. नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं. सुरुवातीच्या जायबंदी सैनिकांच्या पाकिटांत म्हणून नुसतं नाव असतं आणि ‘कागद नाहीत’ असा शेरा. काँग्रेसला दिलेल्या याद्या छापल्या गेल्या होत्या, तेवढ्या वाचल्या.

नावाचं स्पेलिंग कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलंय. एकच आडनाव तीन-चार प्रकारे शोधा आणि सोबत राज्य टाका. राज्य म्हणजे नोकरी केली ते, अर्ज दिला ते नव्हे. व्हर्जिनियाचा सैनिक १८३२ मध्ये केंटकी, टेनेसी किंवा ओहायोत राहत असणं अगदी नेहमीचं.

---

बाळीवेस_वाचक

मनापासून आभार. आता ‘एस’, ‘डब्ल्यू’ चा उलगडा झाला. दोन शंका राहिल्या. १८३२ च्या अर्जांत सगळ्यांची उत्तरं एकाच साच्यातली का दिसतात, कोणी शिकवून म्हणवून घेतलंय का? आणि रक्कम कशी काढायची? एका शिपायाला वर्षाला ३० डॉलर दिसतात, दुसऱ्याला ८०.

---

कंबर_तलाव

साचा युद्धखात्यानंच दिला होता. १८३२ चा अर्ज भर कोर्टात द्यायचा, आणि कोर्टानं ठरलेले सात प्रश्न विचारायचे. कुठे आणि कोणत्या वर्षी जन्मलात. वयाची नोंद आहे का, असेल तर कुठे. भरतीच्या वेळी कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात, आता कुठे. स्वतःहून गेलात, चिठ्ठीनं निवडले गेलात की कोणाच्या बदली गेलात, आणि बदली असाल तर कोणाच्या. सोबत नियमित सैन्याचे कोण अधिकारी होते, कोणत्या पलटणी आठवतात, नोकरीचं सर्वसाधारण वर्णन. नोकरी संपल्याचा दाखला मिळाला होता का, कोणी दिला, त्याचं काय झालं. आणि शेवटी, तुमच्या खरेपणाची आणि तुम्ही सैनिक होता या समजुतीची ग्वाही शेजारपाजारचं कोण देईल. त्यावर एखाद्या धर्मोपदेशकाचा आणि दुसऱ्या रहिवाशाचा दाखला. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर न्यायाधीश घरी जाऊन शपथ घ्यायचे.

बदली जाणं हा गुन्हा नव्हता. पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागी लढायला जाणं मिलिशियात सर्रास चालायचं आणि ती नोकरी लढलेल्याच्याच खात्यात धरली जायची. हा प्रश्न विचारण्याचं कारण असं की पगारपटावर एखाद्याचं नाव दुसऱ्याच्या नावाखाली दडलेलं असू शकतं.

रक्कम. शिपायाचा पगार महिना ६ २/३ डॉलर, म्हणजे वर्षाला ८०. दोन वर्षं म्हणजे २४ महिने नोकरी असली तर पूर्ण ८०. कमी असेल तर महिन्याला ३ १/३ डॉलर या हिशेबानं: सहा महिन्यांचे २०, नऊ महिन्यांचे ३०, वर्षाचे ४०. तुमचा ३० वाला बहुधा मिलिशियाच्या तीन-तीन महिन्यांच्या तीन फेऱ्या केलेला. पेन्शन मोजायची ४ मार्च १८३१ पासून, म्हणून पहिल्या हप्त्यात थकबाकी येते. पुढे दर ४ मार्च आणि ४ सप्टेंबरला.

१८१८ खाली शिपायाला वर्षाला ९६ मिळायचे, १८३२ खाली जास्तीत जास्त ८०. तेव्हा जुन्या यादीतल्या गरीब कॉन्टिनेन्टल शिपायाला नव्या कायद्याकडे जाण्यात तोटाच होता. कॅप्टनचं उलटं: १८१८ खाली २४०, १८३२ खाली ४८०. एकाच पलटणीतल्या दोघांनी वेगवेगळे कायदे का निवडले, ते इथे कळतं.

आता नामंजुरी. १८१८ चे अर्ज पडायचे ते मुख्यतः नोकरीच्या प्रकारावर. मिलिशियात दोन-तीन महिन्यांच्या पाच फेऱ्या केलेला माणूस बेरजेनं नऊ महिने ओलांडायचा, पण त्यातला एकही दिवस कॉन्टिनेन्टल नाही म्हणून बाहेर. १७८० मध्ये सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेले शिपाई कॉन्टिनेन्टल असूनही बाहेर. हे दोन्ही गट १८३२ मध्ये आत आले. १८३२ ची नामंजुरी वेगळी: सहा महिने भरत नाहीत, पलटण रीतसर सैन्याचा भाग नव्हती, पळून गेल्याची नोंद, किंवा तपशील अपुरा म्हणून ‘आणखी पुरावा द्या’. हा शेवटचा शेरा सर्वांत क्रूर. सैनिकाचं वय सत्तर-ऐंशी, सोबती मेलेले किंवा शेकडो मैल पश्चिमेला गेलेले, पगारपट जळालेले. आणखी पुरावा आणायचा कुठून?

जेहू ग्रँटची फाइल जरूर वाचा. ऱ्होड आयलंडचा गुलाम, १७७७ मध्ये मालकाकडून पळून सैन्यात गेला आणि जवळपास दहा महिने गाडीवान म्हणून राबला. मालक शोधत आला आणि घेऊन गेला. १८३२ मध्ये अर्ज, १८३४ मध्ये नामंजूर. कारण त्या काळात तो पळालेला गुलाम होता. १८३६ मध्ये त्यानं पुन्हा पत्र पाठवलं, तेही व्यर्थ. त्यानं सैन्यात काम केलं की नाही, हा वादच नव्हता. स्वातंत्र्याच्या युद्धात राबलेल्याला तो स्वतः तेव्हा स्वतंत्र नव्हता म्हणून नाकारलं. तुमच्या ‘काय सिद्ध करायचं’ या प्रश्नाला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

खोटे अर्जही होतेच. वकील आणि दलाल अर्ज लिहून द्यायचे, म्हणून एका गावातल्या अर्जांत वाक्यंच्या वाक्यं सारखी येतात. पश्चिम व्हर्जिनियात १८३४-३५ मध्ये सरकारी वकील सिंगल्टन यांनी पेन्शनरांना पुन्हा समोर बसवून जबाब घेतले, आणि पुष्कळांची नोकरी सहा महिनेही भरत नव्हती किंवा क्रांतियुद्धातलीच नव्हती असा अहवाल दिला. पण वर्ष चुकलं, सेनापतीचं नाव चुकलं म्हणून लगेच खोटा ठरवू नका. घटना पन्नास वर्षांपूर्वीची. नोकरीचा काळ, कॅप्टन आणि छावणीचं ठिकाण एकमेकांशी जुळतात का ते बघा, तारखेला त्यानंतर हात घाला.

---

मोडीवाचक

विधवांकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितेय. ‘डब्ल्यू’ फाइली तुमच्या विषयाला सर्वांत जास्त उपयोगी पडतील, ताई.

४ जुलै १८३६ च्या कायद्यानं विधवेला पेन्शन मिळाली, पण लग्न नवऱ्याची शेवटची नोकरी संपण्याआधी झालेलं हवं. ७ जुलै १८३८ ला ही रेघ १ जानेवारी १७९४ वर आली, तीही पाच वर्षांच्या पेन्शनपुरती. १८४८ मध्ये २ जानेवारी १८०० वर. ३ फेब्रुवारी १८५३ ला लग्नाच्या तारखेची अटच गेली. रेघ एकेक पाऊल पुढे सरकत होती, तसे एकाच बाईचे आधी नामंजूर आणि मग मंजूर असे अर्ज एका पाकिटात साठत गेले.

तिला दोन गोष्टी सिद्ध करायच्या: नवऱ्याची नोकरी आणि स्वतःच्या लग्नाचा दिवस. पहिली सोपी, जर नवरा आधीच पेन्शनर असेल. दुसरी अवघड. नगर कारकुनाची किंवा चर्चची नोंद असेल तर तिची प्रत. नसेल तर घरच्या बायबलमध्ये लग्न-जन्म लिहिलेलं पान फाडून जोडायचं. ही पानं अजून फाइलींत आहेत. तेही नसेल तर लग्नाला हजर असलेल्या बहिणी-शेजारणींचे जबाब. पहिल्या मुलाच्या वयावरून लग्नाचं वर्ष मागे मोजून दाखवलेलंही सापडेल. बायकांचे शपथेवरचे इतके जबाब त्या काळात दुसरीकडे क्वचित मिळतात.

स्वतः लढलेल्या बायकाही पेन्शनवर होत्या. फोर्ट वॉशिंग्टनच्या लढाईत (नोव्हेंबर १७७६) नवरा पडल्यावर तोफ चालवणाऱ्या आणि जखमी झालेल्या मार्गारेट कॉर्बिनला काँग्रेसनं १७७९ मध्ये हयातभर अर्धा पगार दिला. डेबोरा सॅम्पसन पुरुषाच्या नावानं मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीत लढली. तिच्यासाठी क्रांतीतले नावाजलेले पॉल रिव्हियर यांनी १८०४ मध्ये पत्र लिहिलं, आणि १८०५ पासून तिला जायबंदी पेन्शन मिळाली, महिना ४ डॉलर. तिच्या मृत्यूनंतर नवऱ्यानं तिच्या नोकरीवर पेन्शन मागितली. कायद्यात विधुराची सोयच नव्हती, म्हणून काँग्रेसला १८३८ मध्ये खास कायदा करावा लागला.

तरुण बायकांनी म्हाताऱ्या सैनिकांशी केलेल्या लग्नांमुळे हा खर्च विसाव्या शतकापर्यंत चालला. शेवटचा पेन्शनर सैनिक डॅनियल बेकमन १८६९ मध्ये वारला. शेवटची विधवा एस्थर सम्नर डेमन १९०६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून १२३ वर्षांनी.

हस्ताक्षराबद्दल थोडं. शब्दाच्या मध्ये इंग्रजी ‘एफ’सारखं दिसणारं लांब अक्षर बहुतेकदा ‘एस’ असतं. कायदेशीर मजकूर ठरावीक असतो, तो एकदा पाठ झाला की त्या ओळी सोडून मधला सैनिकाचा भाग गाठता येतो. मोडी वाचताना मायना ओलांडून पुढे जावं तसंच.

---

बाळीवेस_वाचक

ताई, सर, फार मोठं काम सोपं केलंत. शेवटचं विचारते. आपल्या पेन्शनशी तुलना करताना पुरावा या मुद्द्यावर काय धरू, आणि किती फाइली घेऊ?

---

जुनं_दप्तर

आपल्याकडे मूळ पुरावा तुरुंगाचा दाखला, आणि रेकॉर्ड मिळत नसेल तर सोबत तुरुंगात असलेल्यांची प्रमाणपत्रं. तिकडे मूळ पुरावा नोकरी संपल्याचा दाखला किंवा पगारपट, आणि तो नसेल तर सोबत लढलेल्यांचे जबाब. कमीत कमी सहा महिन्यांची अट दोन्हीकडे आहे, पण इथे ताणू नका. आपल्याकडे सर्वसाधारण अट सहा महिने कैदेची, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना तीन महिन्यांची सवलत. तिकडे सहा महिने लष्करी नोकरीचे, सवलत कोणालाच नाही. भूमिगत राहिलेल्यांचा, किंवा सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरून हैदराबाद मुक्तिसंग्रामात काम केलेल्यांचा पुरावा तुरुंगवाल्यांपेक्षा अवघड, तसा मिलिशियावाल्यांचा कॉन्टिनेन्टलवाल्यांपेक्षा अवघड. दोन्हीकडे कारण एकच: कामाची नोंद ठेवणारं दप्तरच नव्हतं.

लघुप्रबंधाला ३० फाइली पुरेत. देशभरातून वेचू नका. एकच काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घ्या, म्हणजे न्यायाधीश, कारकून आणि साक्षीदार तेच तेच येतील आणि शिकवून लिहिलेला मजकूर पटकन ओळखू येईल. त्यात १८२० च्या मालमत्ता याद्या असलेल्या १०, १८३२ च्या १०, विधवांच्या ५ आणि ‘आर’ च्या ५. प्रत्येकीसाठी तक्त्यात कायदा, अर्जाची तारीख, त्या दिवशीचं वय, नोकरीचे महिने, सैन्याचा प्रकार, पुराव्याचा प्रकार, निर्णय आणि निर्णयाची तारीख एवढे रकाने करा. अर्ज आणि निर्णय यांतलं अंतर महिन्यांत काढा. ते अंतर मोजताना अर्जदार मधेच वारल्याची नोंद आहे का ते पाकिटाच्या वरच्या आवरणावर बघा. १८३२ च्या कायद्यात मृत्यूपर्यंतची बाकी विधवेला किंवा मुलांना मिळायची, त्यामुळे मृत्यूची तारीख तिथे अनेकदा असते.